नजरबादचे दगड आणि ओसाकाच्या इमारती

नजरबादला आल्यापासून पहाटे पीटीसाठी उठलो की पहिला आवाज सिंहाचा येतो. अतिशयोक्ती करत नाही. १८९२ साली सुरू झालेलं म्हैसूरचं प्राणिसंग्रहालय आमच्या भाड्याच्या घरापासून हाकेच्या, खरं म्हणजे डरकाळीच्या अंतरावर आहे. एनसीसीच्या या पोस्टिंगवर बाकी सगळं शांत. कॅडेट, कॅम्प, फायली आणि संध्याकाळी फिल्टर कॉफी. वीस वर्षं सीमेवर आणि डोंगरात काढलेल्या माणसाला ही शांतता आधी टोचते आणि मग तिची सवय होते.

तर गेल्या महिन्यातल्या एका रविवारी आठवीतल्या चिरंजीवांनी टीव्हीला एक छोटंसं यंत्र जोडलं. जुन्या पार्लरमधले शेकडो गेम त्यात भरलेले. मी पेपर वाचत होतो. टीव्हीवरून एक आवाज आला आणि माझा पेपर खाली आला. 'किंग ऑफ द मॉन्स्टर्स'!

साताऱ्यात शाळेत असताना हा गेम मी पहिल्यांदा पाहिला. साल १९९३ असेल. एका अंधाऱ्या गाळ्यात चार-पाच मशीन, एका रुपयाला एक डाव, घामाचा वास, आणि हातात शिल्लक सुट्टे नसताना नुसतं मागे उभं राहून बघणाऱ्या पोरांची गर्दी. त्या गर्दीत मी बहुतेक वेळा असायचो. इंग्रजी नाव कुणी घेत नसे. आम्ही त्याला 'राक्षसवाला' म्हणायचो. (पुढे सगळ्या भारताला वेड लावणाऱ्या 'कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स'चं नाव तरी कुणी घेतलं? तो कायम 'मुस्तफा'च राहिला.)

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. पडद्यावर अख्खं शहर. त्यात सहा राक्षसांपैकी तुम्ही निवडलेला एक आणि समोर दुसरा. गिऑन हा सरळसरळ गॉडझिलाचा चुलतभाऊ, वू म्हणजे किंगकाँग, रॉकी दगडाचा, बीटल मेनिया भुंग्यासारखा, अ‍ॅस्ट्रो गाय हा अंतराळातला पहिलवान, आणि पॉइझन घोस्ट म्हणजे विषारी गाळ उभा राहून चालायला लागावा तसा. हे दोघे भिडतात. ठोसे, लाथा, उचलून आपटणं. नुसती ताकद संपवून चालत नाही. खाली पाडून, अंगावर बसून, तीन आकडे मोजेपर्यंत दाबून धरावं लागतं. म्हणजे ही चक्क कुस्ती. शहर हा आखाडा. शहराच्या कडेला विजेचं कुंपण, त्यावर आदळलात की झटका. आणि या सगळ्यात इमारती, पूल, मनोरे पायाखाली जातात ते वेगळंच. कुणाला उचलून आपटलं की खाली एखादी इमारत असतेच.

चिरंजीव खेळत होते. मी शेजारी बसलो. थोड्या वेळाने त्याने विचारलं, "बाबा, हे टँक कुणाचे?"

पडद्याच्या खालच्या बाजूला काडेपेटीएवढे रणगाडे सरकत होते. वरून विमानं येत होती. दोन्ही राक्षसांवर गोळे टाकत होती आणि काहीही परिणाम होत नव्हता. वूचा पाय पडला आणि दोन रणगाडे गेले.

"आपले," मी म्हणालो.

मग लक्षात आलं की साताऱ्यात एकदाही मला हा प्रश्न पडला नव्हता. त्या वयात मी कायम राक्षस होतो.

---

या खेळांचा वंश शोधत गेलं की वाट एका रबराच्या पोशाखापाशी पोचते. १९३३ च्या अमेरिकी 'किंगकाँग'मध्ये राक्षस होता एक लहानसा बाहुला. विलिस ओब्रायन त्याला केसभर हलवून एक चित्र घ्यायचा, पुन्हा केसभर, पुन्हा चित्र. १९५४ साली टोकियोत तोहो कंपनीने 'गॉडझिला' करायला घेतला तेव्हा एजी त्सुबुराया यांच्याकडे तेवढा वेळही नव्हता आणि पैसाही नव्हता. त्यांनी राक्षसाच्या पोशाखात माणूस घातला आणि त्याच्या पायाखाली टोकियोची छोटी प्रतिकृती उभारली. हारुओ नाकाजिमा नावाचा नट शंभर किलोच्या आसपासचा तो पोशाख चढवून दिव्यांच्या उष्णतेत काही मिनिटं चालायचा. पोशाख काढला की आतून घाम वाहायचा. आपल्यापैकी ज्यांनी मे महिन्यात राजस्थानात एनबीसी सूट घालून सराव केला आहे त्यांना या माणसाबद्दल लगेच आपुलकी वाटेल.

आता यातून काय झालं बघा. आत माणूस असल्यामुळे राक्षस माणसासारखा लढू लागला. दोन पायांवर उभा राहून, कवेत घेऊन, ढकलून. १९६२ मध्ये 'किंगकाँग विरुद्ध गॉडझिला' आला तेव्हा जपानात रिकिदोझान या व्यावसायिक पहिलवानाचं वेड होतं. टीव्हीवर कुस्ती लागली की रस्त्यात गर्दी थांबायची. पडद्यावरचे राक्षसही मग पहिलवानांसारखे डाव टाकू लागले. जवळजवळ तीस वर्षांनी, १९९१ साली, ओसाकाच्या एसएनके कंपनीने 'किंग ऑफ द मॉन्स्टर्स' काढला आणि त्यात तीन आकडे मोजायचा नियम घातला तो त्याच परंपरेतून. साताऱ्याच्या गाळ्यात कुस्तीच्या मुलखातली पोरं त्या मशीनला का चिकटली होती, याचं निम्मं उत्तर मला इथे मिळालं.

सैनिक म्हणून मला दुसरी एक तारीख जास्त अडवते. जपानचं आत्मसंरक्षण दल स्थापन झालं १ जुलै १९५४ ला. 'गॉडझिला' प्रदर्शित झाला ३ नोव्हेंबर १९५४ ला. चार महिने! नव्याने जन्मलेल्या सैन्याचं मोठ्या पडद्यावरचं हे पदार्पण, आणि त्यात ते काय करतं? किनाऱ्यावर विजेच्या तारांचं कुंपण उभारतं. राक्षस ते वितळवून आत येतो. रणगाडे गोळे टाकतात, तो चालत राहतो. त्याच वर्षी १ मार्चला बिकिनी बेटावरच्या अमेरिकी हायड्रोजन बॉम्ब चाचणीची राख 'दाइगो फुकुर्यू मारू' या जपानी मासेमारी नौकेवरच्या २३ जणांवर पडली होती. मार्च १९४५ च्या एका रात्रीत बॉम्बहल्ल्याने टोकियोत सुमारे लाखभर माणसं जळून मेली, त्यालाही जेमतेम नऊ वर्षं झाली होती. थिएटरात बसलेल्या माणसांनी ते शहर खरोखर जळताना पाहिलं होतं. तो सिनेमा मनोरंजन होता, पण त्यातल्या पळणाऱ्या गर्दीला अभिनय शिकवावा लागला नसेल.

पार्लरच्या मशीनने या गोष्टीत एकच बदल केला आणि तो फार मोठा होता. तुम्हाला राक्षस केलं.

हे आधी अमेरिकेत घडलं, १९८६ साली, बॅली मिडवेच्या 'रॅम्पेज'मध्ये. जॉर्ज नावाचा वानर, लिझी नावाची पाल, राल्फ नावाचा लांडगा. एका वेळी तीन जणांनी खेळायचं, इमारतींवर चढायचं, भिंतींना भोकं पाडायची, खिडकीतली माणसं खायची. खाली गोळ्या झाडणारे शिपाईही खायचे. शहरामागून शहर, शंभराहून जास्त. शेवट असा काही नाहीच, फक्त पुढचं शहर. पण 'रॅम्पेज'मधली एक गोष्ट मला अजूनही विसरता येत नाही. हे तिघे मुळात माणसं असतात, प्रयोगाने किंवा विषारी पाण्याने राक्षस झालेली. ताकद संपली की ते आकसतात, पुन्हा माणूस होतात, उघडेनागडे, आणि दोन्ही हातांनी लाज झाकत पडद्याच्या कडेने सरकत निघून जातात. मागे पडलेलं शहर तसंच. पोरं हसायची. मशीन बनवणाऱ्यांनीही हसण्यासाठीच ते टाकलं असणार.

एसएनकेने दोघांची झुंज लावली आणि जपानची शहरं घेतली. टोकियो, क्योतो, कोबे, हिरोशिमा. स्वतःचं ओसाकासुद्धा सोडलं नाही. ज्या शहरातून सकाळी डबा घेऊन कामावर जायचं त्याच शहराच्या इमारती एकेक करून पडद्यावर काढायच्या, त्या कशा मोडतील तेही काढायचं, आणि संध्याकाळी त्याच इमारतींच्या बाजूने घरी जायचं. मला त्या चित्रकारांना एकदा भेटायचं आहे. गेमची कथा १९९६ सालात घडते, म्हणजे तेव्हा पाच वर्षं पुढे. १७ जानेवारी १९९५ च्या पहाटे कोबे खरंच कोसळलं. भूकंपात सहा हजारांहून जास्त माणसं गेली.

१९९२ मध्ये दुसरा भाग आला. सहातले तीनच राक्षस उरलेले, नव्याने डागडुजी केलेले, आणि आता ते परग्रहावरून आलेल्या राक्षसांशी लढतात. म्हणजे कालचे शहर मोडणारे आज शहराचे रक्षक. गॉडझिलाचंही साठच्या दशकात हेच झालं होतं. इमारतींच्या दृष्टीने पाहिलं तर फरक शून्य. मोडणारा रक्षक असो की शत्रू, पाय तेवढाच मोठा असतो.

आपल्याकडेही हा राक्षस येऊन गेला आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं. १९६६ साली बलवंत दवे यांनी 'गोगोला' नावाचा हिंदी सिनेमा काढला. तबस्सुम त्यात होत्या. समुद्रातून राक्षस निघतो आणि मुंबईवर चालून येतो. आज तो सिनेमा पाहायला मिळत नाही. पोस्टरं तेवढी उरली आहेत. मुंबई बेचिराख झाल्याची आपली स्वतःची कल्पना आपण हरवून बसलो, आणि पुढे पोरं टोकियो मोडत बसली.

---

एवढ्यावर हा लेख संपायला हरकत नव्हती. पण नजरबादमध्ये बसून या विषयावर लिहायचं आणि टिपूच्या वाघाचं नाव काढायचं नाही, हे जमणार नाही.

इथून पंधरा किलोमीटरवर श्रीरंगपट्टण. तिथे टिपू सुलतानाच्या महालात लाकडाचा एक वाघ होता, पावणेदोन मीटर लांब, एका गोऱ्या शिपायाच्या उरावर बसलेला. बाजूला एक दांडा. तो फिरवला की आतले भाते हलत, वाघ गुरगुरे, खाली पडलेला शिपाई कण्हत असे आणि त्याचा एक हात तोंडाजवळ वर-खाली होई. वाघाच्या पोटात छोटा ऑर्गनही होता. ४ मे १७९९ ला श्रीरंगपट्टण पडलं, टिपू मारला गेला, आणि हा वाघ लुटीबरोबर लंडनला गेला. १८०८ पासून तो ईस्ट इंडिया कंपनीच्या इमारतीत लोकांना पाहायला ठेवला. आणि लोकांनी काय केलं? रांग लावून दांडा फिरवला. दिवसभर. शेजारच्या वाचनालयात अभ्यास करणाऱ्यांना त्या गुरगुरण्याने आणि कण्हण्याने नको नको झालं. वापरून वापरून यंत्र बिघडलं आणि शेवटी दांडाच गायब झाला. सध्या तो वाघ लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे.

मला हे वाचून साताऱ्याचा गाळा आठवला. एक मोठा खोका, एक दांडा, एक राक्षस, त्याच्या पायाखाली एक शिपाई, आवाज, आणि पुन्हा एकदा, पुन्हा एकदा म्हणणारी गर्दी. फक्त रुपया टाकायचं भोक नव्हतं. आणि दांडा फिरवणारे कोण? तर त्या लाकडी शिपायाचेच देशबांधव. आपला शिपाई मरताना त्यांना गंमत वाटत होती, कारण वाघ जिंकून आणलेला होता. माझा मुलगा रणगाडे तुडवत होता तेव्हा मलाही हसूच आलं होतं.

आता नजरबाद. मी रोज ज्या रस्त्याने ऑफिसला जातो तो भाग म्हणजे टिपूच्या मनातलं नवं शहर. श्रीरंगपट्टण पडण्याआधीच्या दहा-बारा वर्षांत त्याने जुन्या म्हैसूरचा किल्ला आणि वस्ती पाडायला लावली आणि तेच दगड इकडे, पूर्वेच्या उंचवट्यावर आणून नवा किल्ला बांधायला घेतला. नाव दिलं नजराबाद. वडियार राजांच्या जुन्या राजधानीची खूण पुसायची होती, असं ब्रिटिश गॅझेटियर सांगतं. ब्रिटिशांनी टिपूबद्दल लिहिलेलं सगळंच मिठाच्या चिमटीसकट घ्यावं, पण किल्ला पाडला आणि दगड हलवले हे नक्की. बैलगाड्या, हमाल, पहारी, धूळ. शहर मोडायला दरवेळी बाहेरून कुणी यावं लागत नाही.

टिपू गेल्यावर ३० जून १७९९ ला इंग्रजांनी कृष्णराज वडियार तिसरे यांना गादीवर बसवलं. मूल पाच वर्षांचंही पुरं नव्हतं. आणि म्हैसूरमध्ये त्याला बसवायला राजवाडाच नव्हता! राज्याभिषेक मांडवात झाला. मग काय, नजरबादचे दगड पुन्हा बैलगाड्यांत चढले आणि जिथून आले होते तिथे परत गेले. म्हैसूरचा किल्ला त्याच दगडांतून पुन्हा उभा राहिला. नजरबादच्या वाट्याला नाव राहिलं. मुख्यतः लाकडाचा बांधलेला नवा राजवाडा १८९७ मध्ये राजकन्येच्या लग्नात जळाला, आणि आज रविवारी संध्याकाळी लाखभर दिव्यांत जो दिसतो तो हेन्री आयर्विनने आखलेला, १९१२ साली पुरा झालेला. थोडक्यात, या शहराने तीन वेळा 'कंटिन्यू' दाबलं आहे.

मी चिरंजीवांना हे राजवाड्याच्या तटाजवळ उभं राहून सांगितलं. त्याने तटाच्या एका दगडावर हात ठेवला आणि विचारलं, "हा दोनदा प्रवास केलेला असेल?" मी म्हणालो, असू शकतो. तो बराच वेळ दगडच बघत होता.

---

इथे मराठी वाचकाला बरं वाटतं. मोडणारा टिपू, लुटणारे इंग्रज, आपण प्रेक्षक. पण आपण प्रेक्षक नव्हतो. तिसऱ्या म्हैसूर युद्धात, १७९१ च्या मे महिन्यात, कॉर्नवॉलिस श्रीरंगपट्टणासमोरून मोठ्या तोफा स्वतःच्या हातांनी निकामी करून माघारी निघाला होता. बैल मेले होते, सैन्य उपाशी होतं. तेव्हा वाटेत भेटलेली हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धनांची फौज होती म्हणून ते जगले. मराठ्यांच्या छावणीतल्या बाजारात धान्यापासून सगळं मिळत होतं. आपल्या पुरवठा व्यवस्थेबद्दल अभिमान बाळगावा असा हा प्रसंग आहे, आणि एएससीच्या मित्रांनी तो जरूर सांगावा. पण त्याच वर्षी, त्याच परशुरामभाऊंच्या फौजेबरोबरच्या लुटारू टोळ्यांनी शृंगेरीचा मठ लुटला. माणसं मारली, शारदेची मूर्ती हलवली. मठ पुन्हा उभा करायला मदत कुणी पाठवली? टिपूने. त्याची पत्रं १९१६ मध्ये म्हैसूरच्या पुरातत्त्व खात्याचे आर. नरसिंहाचार यांना मठातच सापडली.

बंगालमध्ये तर आपण अंगाईगीतात जाऊन बसलो आहोत. १७४० च्या दशकात नागपूरकर भोसल्यांचे स्वार तिथे वर्षानुवर्षं जात राहिले. आपल्याकडे बारगीर म्हणजे सरकारी घोड्यावरचा साधा शिपाई. तिकडे 'बर्गी' झाला, आणि मूल झोपत नसेल तर आया आजही त्याच्या नावाने भीती घालतात. सिलिगुडीला पोस्टिंगवर असताना आमच्या शेजारच्या बंगाली आजींनी मी मराठी आहे हे कळल्यावर हसत हसत हे मला सांगितलं. "तुमीई बर्गी?" माझा नातू तुला बघून लगेच झोपेल, म्हणाल्या. मीही हसलो. एनडीएत लष्करी इतिहासाच्या तासाला या मोहिमा आम्ही नकाशावर बाणांनी शिकलो होतो. बाणाच्या टोकाखाली गाव असतं, ते नकाशाचं प्रमाण लहान असलं की दिसत नाही.

हे मी मोठ्या तोंडाने लिहितोय खरा, पण माझ्या खात्यावरही एक घर आहे.

कॅप्टन असतानाची गोष्ट. उत्तरेतलं एक गाव, थंडी, घेराव टाकलेला. एका घरात दोन जण लपलेले. घरच्यांना आम्ही सुखरूप बाहेर काढलं. रात्रभर चकमक चालली. माझ्या जवानांपैकी एकाच्या मांडीला गोळी लागली. पहाटे ते घर उडवण्यावाचून मार्ग उरला नव्हता, आणि आजही माझं मत तेच आहे. कारवाई योग्य होती. अहवाल मी लिहिला, त्यात त्या घराला 'लक्ष्य' म्हटलं होतं आणि ग्रिड दिला होता, कारण तसाच लिहायचा असतो. सकाळी घरमालक आला. सुतार होता. त्याने आम्हाला शिव्या दिल्या नाहीत, काही मागितलंही नाही. एक दाराची चौकट तेवढी उभी होती. तिच्यावर त्याने तळहात ठेवला आणि पटकन काढला. अजून गरम होती. मग त्याने जॅकेटच्या बाहीने ती पुसायला सुरुवात केली.

बिल्ट-अप एरियातल्या लढाईचे किती तास मी पुढे शिकवले! खोलीत कसं शिरायचं, कोपरा कसा कापायचा, भिंत कुठून फोडायची. प्रत्येक वेळी ती चौकट डोळ्यांसमोर यायची, आणि विद्यार्थ्यांना मी ती एकदाही सांगितली नाही. अभ्यासक्रमात बसत नव्हती.

---

मागच्या आठवड्यात आम्ही चामुंडी टेकडी चढलो. हजारावर पायऱ्या, मध्ये तो प्रचंड काळा नंदी. वर देवळाच्या बाहेर महिषासुराचा रंगीत पुतळा आहे. एका हातात तलवार, दुसऱ्यात नाग, झुपकेदार मिशा. मुलाला वाटलं होतं म्हशीचं डोकं असेल. निघाला चक्क माणूस. खाली पसरलेल्या शहराला याचंच नाव आहे, महिषाचं गाव म्हणून म्हैसूर. मारणारी देवी टेकडीवर आणि मेलेल्या राक्षसाचं नाव शहरावर. टोकियोला कुणी गॉडझिलापूर म्हणणार नाही.

वरून नजरबाद दिसतं, राजवाडा दिसतो, आणि दसऱ्याला हत्ती ज्या रस्त्याने बन्नीमंटपाकडे जातात तो रस्ताही साधारण ओळखू येतो. ८ जून २०११ ला सकाळी दोन रानहत्ती जंगलातून वाट चुकून या शहरात शिरले होते. त्यातल्या एकाने बँकेच्या सुरक्षारक्षकाला मारलं. त्याचे फोटो तुम्हीही पाहिले असतील.  आणि त्याच शहरात दरवर्षी दसऱ्याआधी पाळीव हत्तींना जवळ उभं करून तोफा उडवतात. पुन्हा पुन्हा. साडेसातशे किलोची अंबारी पाठीवर असताना सलामीची तोफ कानाशी वाजली तरी त्याने बुजू नये, गर्दीत घुसू नये म्हणून. मी हा सराव पाहायला गेलो होतो. पहिल्या बाराला एक तरुण हत्ती मागे सरला, सोंड वर गेली. माहुताने फक्त कानामागे पाय दाबला आणि काहीतरी पुटपुटला. चौथ्या-पाचव्या बाराला तो जागचा हलला नाही. रिक्रूटांना पहिल्यांदा फायरिंग रेंजवर नेतो तेव्हा आम्ही वेगळं काही करत नाही.

घरी आल्यावर चिरंजीवांनी पुन्हा 'राक्षसवाला' लावला आणि एक नियम जाहीर केला. जिंकायचं, पण इमारती पाडायच्या नाहीत. मी म्हणालो, गेम तसा बनवलेलाच नाही. तो म्हणाला, बघू तर. मी बीटल मेनिया घेतला, त्याने गिऑन, आणि ओसाकाच्या एका मोकळ्या चौकात आम्ही दोघे एकमेकांभोवती नुसते फिरत बसलो. रणगाडे दोघांवर गोळे टाकत होते. शेवटी मलाच राहवलं नाही. मी त्याला उचलून आपटला आणि खाली चार मजले गेले.

"बाबा!"

मग आम्ही मोजायला लागलो. आतापर्यंतचा उच्चांक आहे अकरा इमारती शिल्लक. तो त्याच्या नावावर आहे.